आपल्याच तेलात

टमालेत बापाचं टायरचं दुकान.
शेंगा मला ठाऊक त्या पुडीतल्या, खारवलेल्या.
म्हणून टोलोनजवळ नांदायला आले त्या साली
मी वेलावर शेंगा शोधत होते,
पानं उलटून, एकेक डहाळी वाकवून.
सनातू, माझी नणंद, हसता हसता मातीत बसली.
सासू हसली नाही.
तिनं एक कोमेजलेलं पिवळं फूल दाखवलं
आणि त्याच्या बुडाशी सुटलेली आर,
सुईएवढी, जांभळट,
भुईकडे तोंड करून निघालेली.
म्हणाली, "हिला उजेड मानवत नाही. चल पुढं."

पाऊस त्या वर्षी आधीच उठून गेला.
जमीन अशी आवळली
की वेल उपटावा तर निम्म्या शेंगा आतच.
वर आलं ते पुरुषांनी पोत्यांत भरलं,
तीनचाकीवर लादलं, नेलं.
आत राहिलं ते आमचं.
आखूड दांड्याच्या कुदळी घेऊन
आम्ही तिघी सरवा वेचत राहिलो,
मागं गिनी कोंबड्या,
त्यांच्या मागं दगड घेतलेली पोरं.
चौदा दिवस.
नखांखाली लाल माती, जेवतानाही तिचीच चव.

मग हरमाटन सुटला.
उत्तरेची धूळ पत्र्यावर, पाण्यात, पापण्यांवर.
शेंगा वाळल्या, हलवलं की खुळखुळू लागल्या.
फोडायला बसलो तर लामिही
(सासूचं नाव; ती गुरुवारची)
पाणी शिंपडू देईना.
ओल्या टरफलानं बोटं सोलत नाहीत, हे खरं.
पण ती मूठभर दाणे नाकाशी नेई
आणि एखादा, मला दिसायला इतरांसारखाच,
चुलीत टाकी. "हा आजारी आहे."
कोंबड्यांनासुद्धा देत नसे.

भाजले. चोळले. सुपातून साली वाऱ्यावर सोडल्या;
वारा फुकटचा, त्यानं त्या शेजारणीच्या रांजणात नेल्या,
त्यावरून भांडण झालं ते वेगळं.
गिरणीवाल्या याकूबानं दळून दिलं,
डिझेलच्या वासासकट.

मळायचं माझ्याकडे आलं.
गरम पाणी किती?
"थोडं, तिपाग्या."
थोडं म्हणजे?
"मागेल तेवढं."
मी मळलं. सगळी दुपार मळली.
खांद्यातलं दुखणं उतरत मनगटात आलं
तरी परातीत नुसता तपकिरी चिखल,
बापाच्या दुकानातल्या ग्रीससारखा.
सनातू म्हणाली, पाणी जास्त झालं, गेलं सगळं.
डोळ्यांत आलं ते मी धुळीवर ढकललं.

लामिहीनं परात ओढून घेतली नाही.
माझ्या हातांवर हात ठेवले
आणि दाबायचं सोडून
नुसतं फिरवायला लावलं,
हळू, एकाच अंगानं,
झोपत नसलेल्या पोराची पाठ फिरवावी तसं.
कडेला आधी एक चकाकी आली.
मग बोटांच्या फटींतून,
कुणी न बोलावता,
तेल.

बाटलीत गाळलं. बाटली भरली, दुसरी निम्मी.
उरलेली पेंड पिळून, वळून
आम्ही कड्या केल्या
आणि त्यांच्याच तेलात सोडल्या.
कढई बोलू लागली.

लामिहीच्या तोंडात एकही दात नाही.
पहिली कुलीकुली ती माझ्या हातावर ठेवते.
"चाव."
मी चावते.
ती डोळे मिटून माझ्या जबड्याशी कान आणते,
बाप टायरमधली हवा ऐकायचा
अगदी तसा.
"अजून थोडी," म्हणते,
आणि सगळ्या कड्या
परत कढईत जातात.